पंचायतीपासून पडवीपर्यंत

गेल्या चतुर्थीला कणकवलीजवळच्या आमच्या गावी पोहोचलो, तर पडवीत एक पांढरा डबा हिरवा दिवा मिचकावत बसलेला. घरात 'फायबर' आलं होतं! १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईत इंटरनेट सुरू झालं, त्यानंतरची काही वर्षं मोडेमची किरकिर ऐकत एकेका चित्राची वाट पाहिलेला मी माणूस. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. आईच्या डब्यातून त्याच्या कितीतरी पट वेगानं दशावतार वाहत होता.

हा डबा इथवर यायला फार वेळ लागला. पंचायतीत तार कधीच आली होती. देशभरच्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला 'भारतनेट' हे नाव मिळालं. पंचायत जोडली म्हणजे गाव जोडलं, असा कागदावरचा हिशेब. पण कोकणातलं गाव म्हणजे काय, हे कागदाला कसं कळावं? देशावर गावठाण एकवटलेलं असतं. एका खांबावरून तार ओढली की अख्खी आळी मिळते. आमच्याकडे वाड्या. पंचायत एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. मधे एक व्हाळ, दोन घाट्या आणि कुणाकुणाच्या काजूच्या बागा. तारेचा खर्च अंतरावर, तर वसुली घरांवर. आणि आमच्या वाडीतल्या अकरा घरांपैकी पाच घरांची कुलपं फक्त चतुर्थी-शिमग्याला निघतात.

तार ओढणारा मुलगा म्हणाला, "काकी, चार घरां तरी व्हयी." तीन तयार झाली. उरलेल्यांना महिन्याचे पैसे जड वाटत होते. आईचा नकार तर ठाम होता, "माका कित्याक व्हया?" पुढे शेजारच्या घरातली बारावीतली नात रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन सड्यावर जाताना तिला दिसू लागली. आमची वाडी खोलगट, रेंज मिळते ती वर सड्यावरच. २०२० च्या टाळेबंदीत तर सिंधुदुर्गातल्या किती तरी मुलांची शाळा अशीच डोंगरावर भरली होती. आईनं चौथं घर म्हणून नाव दिलं ते त्या मुलीसाठी, दशावतार नंतरचा.

इथवर सारं गोडच. पण त्याच मुक्कामात रात्री पाऊस लागला, लाइट गेली आणि डब्याचा हिरवा दिवा विझला. आई म्हणाली, "लायट गेली काय ह्येचो जीव जाता."

तेव्हा मला आमचा जुना काळा फोन आठवला. त्याच्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर थोडी वीजही यायची, थेट एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून. म्हणून घरात अंधार गुडूप असतानाही तो खणखणायचा. फायबरच्या काचेच्या धाग्यातून येतो तो नुसता प्रकाश. त्याचा आवाज करणारा डबा चालतो घरच्या विजेवर. वेग शेकडो पटींनी वाढला, पण एकट्या म्हाताऱ्या माणसाला रात्री हाक मारायची वेळ आली, तर तो जुना फोन अधिक भरवशाचा होता. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे किती तरी दिवस वीज नव्हती. त्या वेळी आईची खुशाली मला चौथ्या दिवशी कळली.

मी कणकवलीहून डब्याला जोडायची छोटी बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, तीन-चार तास चालेल. जोडणी देताना ही गोष्ट वाडीत कुणालाच सांगितलेली नव्हती. विचारलं तर तो मुलगा ओशाळून हसला. शेजारच्या घरानं लगोलग तशीच एक मागवली, बाकीच्या दोघांनी 'बघू' म्हटलं.

तीन-चार तासांनी मृगाचा पाऊस भागत नाही. यंदा जूनमध्ये सलग दीड दिवस आईचा फोन लागेना. दुसऱ्या संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. वाऱ्याच्या घोंघाटात एक मुलगी ओरडून सांगत होती, "काका, मी सड्यावरसून बोलतंय. आजी बरी आसा. तुमका कळवक सांगल्यान."