निर्धूर चूल बसवताना

हिवरे बाजारने १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून डोंगर हिरवे केले. कमी सरपणात भागणारी निर्धूर चूल अशा गावाला शोभतेच. पण धुराडे नीट नसेल तर ती नावापुरतीच निर्धूर! विडीला कधी हात न लावलेल्या बायका दम लागतो म्हणून माझ्याकडे येतात, त्यामागे पुष्कळदा वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर असतो. धुराड्याचे तोंड आढ्याच्याही वर काढा, नळी लाकडी वाशाला टेकू देऊ नका. महिन्यातून एकदा तरी काजळी झाडा. नळी चोंदली की धूर उलटा घरात येतो. आणि थंडीत निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. झोपलेल्याला जागही येत नाही.