हल्ल्याचा अंदाज बांधतात तरी कसा?

विशेष प्रतिनिधी

भारत आणि पाकिस्तान यांच्यात तणाव वाढला की 'आता लष्करी कारवाई होणार का', हा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी येतो. वाहिन्यांवरील चर्चेत त्याचे उत्तर 'होणारच' किंवा 'शक्यच नाही' असे ठामपणे दिले जाते. या विषयाचे अभ्यासक मात्र शक्यतेच्या टक्केवारीत बोलतात. विमानांचे मार्ग, रुग्णालयांची सज्जता आणि सीमेवरील गावे कधी रिकामी करायची, याचे निर्णय अशाच अंदाजांवर अवलंबून असतात. त्यामुळे ही टक्केवारी येते कुठून, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

अंदाजाची पहिली पायरी म्हणजे पूर्वानुभवाची मोजदाद. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांत भारताने पाकिस्तानच्या ताब्यातील प्रदेशात मोठी कारवाई केल्याचे तीन वेळा जाहीर केले : सप्टेंबर २०१६मधील सर्जिकल स्ट्राइक, फेब्रुवारी २०१९मधील बालाकोटचा हवाई हल्ला आणि मे २०२५मधील ऑपरेशन सिंदूर. १२० महिन्यांत तीन घटना, म्हणजे कोणत्याही एका महिन्यासाठी शक्यता जेमतेम अडीच टक्के. सर्वसाधारण काळात 'हल्ला होणार नाही' असे म्हणणारा बहुधा बरोबर ठरतो, तो याचमुळे.

मोठा दहशतवादी हल्ला झाला की हे गणित बदलते. उरीतील हल्ल्यानंतर ११ दिवसांनी, पुलवामानंतर १२ दिवसांनी आणि पहलगामनंतर १५ दिवसांनी कारवाई झाली. यावरून 'दोन आठवड्यांत कारवाई' असा नियम काढण्याचा मोह होतो. मात्र येथेच अनेकांची गफलत होते. कारवाई झाली त्या घटना मोजताना, कारवाई झाली नाही त्या घटनाही मोजाव्या लागतात. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला. लाखो सैनिक सीमेवर गेले आणि सुमारे दहा महिन्यांनी युद्धाविना मागे आले. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर लष्करी कारवाई झाली नाही. २०१६च्या जानेवारीत पठाणकोट आणि नोव्हेंबरमध्ये नगरोटा येथे हल्ले झाले, तेव्हाही अशी कारवाई जाहीर झाली नाही. या साऱ्या घटना धरल्या की शक्यता वाढलेली दिसते, परंतु खात्री उरत नाही.

दुसरी पायरी म्हणजे पूर्वचिन्हे. पूर्वी सैन्याची जमवाजमव हे सर्वांत स्पष्ट चिन्ह मानले जाई. २००१मध्ये आघाडीच्या तुकड्या सीमेवर पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले आणि ती हालचाल जगाला दिसली. विमाने आणि क्षेपणास्त्रांच्या काळात एवढी दृश्य तयारी लागत नाही. साहजिकच आगाऊ सूचनेचा अवधी आखडला आहे. हवाई हद्द बंद करणे, वैमानिकांसाठीच्या सूचना, राजनैतिक अधिकाऱ्यांची हकालपट्टी यांकडे आता अधिक लक्ष दिले जाते. परंतु ही चिन्हेही दुहेरी असतात. एप्रिल २०२५मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली, ती निषेधाची कृतीही होती आणि सावधगिरीचीही.

दिशा अचूक, वेळ चुकीची

कारवाई होणार हे ओळखणे एक आणि कधी होणार हे सांगणे वेगळे. ३० एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानचे माहितीमंत्री अताउल्ला तरार यांनी भारत २४ ते ३६ तासांत कारवाई करील, असे सांगितले. कारवाई झाली, पण एक आठवड्याने. भारतात २४४ जिल्ह्यांत ७ मे रोजी नागरी संरक्षणाचा सराव करण्याचे आदेश निघाले होते. सरावापूर्वी काही होणार नाही, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात त्याच दिवशी पहाटे, सराव होण्याआधीच नऊ ठिकाणांवर हल्ले झाले.

मग चांगला अंदाज ओळखायचा कसा? हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५०मध्ये सुचवलेली मोजपट्टी येथेही वापरली जाते. एखाद्याने ७० टक्के शक्यता वर्तवली आणि घटना घडली, तर ०.३चा वर्ग म्हणजे ०.०९ एवढी चूक धरतात. घडली नाही, तर ०.७चा वर्ग म्हणजे ०.४९. नेहमी ५० टक्के सांगणाऱ्याची चूक ०.२५ राहते. अनेक अंदाजांची सरासरी काढली की खरा जाणकार आणि नुसता ठाम बोलणारा यांच्यातील फरक कळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी असे हजारो अंदाज तपासले. नवी माहिती मिळताच आपला आकडा थोडाथोडा बदलणारी माणसे अधिक अचूक ठरतात, असे त्यांना आढळले.

तरीही या पद्धतीला मर्यादा आहेत. तीन घटनांचा नमुना फारच लहान आहे. शिवाय धोरण बदलले की जुनी आकडेवारी अपुरी पडते. यापुढील दहशतवादी हल्ला हे युद्धाचे कृत्य मानले जाईल, अशी भूमिका भारताने मे २०२५मध्ये घेतली. म्हणजे २००८चा दाखला आता पूर्वीइतका वजनदार राहिलेला नाही.

चुकीचा अंदाज स्वतःच धोका निर्माण करू शकतो. १९८६-८७च्या हिवाळ्यात राजस्थानात भारताचा 'ब्रासस्टॅक्स' हा प्रचंड युद्धसराव सुरू असताना पाकिस्तानने तो हल्ल्याची तयारी मानून सैन्य हलवले आणि दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. मोठ्या सरावांची आगाऊ माहिती देण्याचा करार १९९१मध्ये झाला. अण्वस्त्र केंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८च्या करारानुसार दोन्ही देश १९९२पासून दर १ जानेवारीला अशा केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात.

अंदाजाचे खरे मोल सीमेवर कळते. ७ मे २०२५नंतरच्या तोफमाऱ्यात पूंछमध्ये अनेक नागरिकांचा बळी गेला. त्यामुळे 'हल्ला होईल का' याइतकाच 'प्रत्युत्तर कुठे येईल' हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. १० मे रोजी दुपारी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि सायंकाळी पाचपासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. अंदाज वर्तवणाऱ्यांनी ही दूरध्वनी वाहिनी चालू आहे की बंद, याचीही नोंद ठेवायला हवी. संघर्ष किती दिवस चालेल, याचा अंदाज पुष्कळदा तिच्यावरच ठरतो.