ताऱ्यांचे गणित आणि अंगावरचा तीळ

आकाशातील अंधुक ताऱ्यांचा शोध घेणारे गणित माणसाच्या अंगावरील तीळ तपासण्याच्या कामी यावे, हे प्रथमदर्शनी कोणासही नवलाचे वाटेल. परंतु जर्मनीत गार्चिंग येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नेमके हेच करून पाहिले. जून १९९० मध्ये 'रोसॅट' हा उपग्रह अवकाशात गेला व त्याने सबंध आकाशाची क्ष-किरणांत पाहणी केली. दूरच्या ताऱ्याकडून येणारे किरण मोजकेच. ते विखुरलेल्या ठिपक्यांच्या गर्दीतून निवडावयाचे कसे? प्रत्येक ठिपक्यापासून दूर जावे तसतसे शेजारी कोणत्या प्रमाणात वाढतात, हे संगणकाकडून मोजून घेण्यात आले. वाड्यावरची घरे एके ठिकाणी दाटलेली आहेत की रस्त्याच्या कडेने ओळीने उभी आहेत, हे नुसत्या मोजणीवरून ताडावे, तसाच हा प्रकार. रोसॅट २०११ साली बंगालच्या उपसागरावर कोसळला. हे गणित मात्र दवाखान्याच्या वाटेला लागले होते. तिळाच्या छायाचित्रातील रंगबिंदूंना तीच मोजणी लावली की कडा वेडीवाकडी आहे काय, रंग विस्कटलेला आहे काय, याचा अंदाज आकड्यांत मिळतो. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग वेळीच कापून काढल्यास बहुधा बरा होतो. पसरल्यावर तो जिवावर बेततो. म्हणून या उद्योगाचे महत्त्व.

त्याचे स्वागत करतानाच एक शंका मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. खगोलशास्त्रज्ञ आकाशाच्या त्या त्या भागाची पार्श्वभूमी आधी मोजतो आणि मगच ताऱ्याचा हिशेब करतो. त्वचेची चित्रे पाहून मत देणाऱ्या आजच्या संगणकीय प्रणालींत हीच दक्षता राहून गेली आहे. बहुतांशी गोऱ्या कातडीवर शिकलेल्या अशा प्रणाली सावळ्या कातडीवर अधिक चुकतात, असे २०२२ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.

सावळ्या माणसांत मेलॅनोमा विरळा, हे खरे. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली लपतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ साली गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच रोगाने. नखावरचा काळा पट्टा ठेच लागल्याचा समजून आपल्याकडेही महिनोन्महिने अंगावर काढला जातो. शिवाय कुष्ठरोगाचा फिकट चट्टा कॅमेऱ्याला दिसेल. तो बधिर आहे की नाही, हे कापसाचा बोळा फिरवूनच कळते.

सरकारी रुग्णालयांसाठी अशी यंत्रे घेण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा ती कोणत्या वर्णाच्या किती रुग्णांवर पारखली आहेत, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला जावा आणि त्याचे उत्तर लेखी घेतले जावे.