मान, गळा आणि पोलिश ‘षिया’

शरीरशास्त्र हा आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा प्रांत नव्हे. परंतु अवयवांना नावे दिली ती भाषेने, आणि भाषा हा तर आमचाच विषय. म्हणून मानेविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

माणसाच्या मानेत ७ मणके असतात. जिराफाच्या लांबलचक मानेतही ७च! कवटी व पहिला मणका यांच्या सांध्यामुळे आपण मान डोलावून होकार देतो. पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधील सांध्यामुळे मान हलवून नकार देतो. दुसऱ्या मणक्याला पोलिश भाषेत ‘ओब्रोतनिक’, म्हणजे फिरवणारा, असे सार्थ नाव आहे.

पोलिश भाषा महाराष्ट्राला अगदीच परकी नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. इंग्रजीत बहुधा ‘नेक’ या एकाच शब्दावर भागते. पोलिश मात्र आपल्यासारखीच चोखंदळ. ‘षिया’ म्हणजे मान किंवा गळा, ‘कार्क’ म्हणजे मानगूट आणि ‘गार्द्वो’ म्हणजे घसा. आपण प्रेमाने गळ्यात पडतो, पोलिश माणूस ‘षिये’वर झेपावतो. आपल्याकडे संकट मानगुटीवर बसते. तिकडे पाठीस लागलेला माणूस ‘कार्क’वर बसतो.

नात्याची गंमत आणखी पुढे आहे. आपली स्त्रीलिंगी ‘मान’ संस्कृत ‘मन्या’पासून आली; सन्मान या अर्थाचा पुल्लिंगी ‘मान’ निराळा. ‘मन्या’चे इंग्रजी भावंड ‘मेन’, म्हणजे घोड्याची आयाळ. आणि संस्कृत ‘ग्रीवा’चे पोलिश भावंड ‘ग्झिव्हा’. त्याचाही अर्थ आयाळच!

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आमच्या पैठणचा विणकर मागावर तासन्‌तास मान खाली घालून पैठणी विणतो. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो. मान जितकी पुढे झुकेल तितका मागच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. त्याचे दुखते ते मानगूट. ‘गळा दुखतो’ असे त्याने सांगितले, तर वैद्य मीठपाण्याच्या गुळण्या सांगेल! हेच दुखणे पोलिश डॉक्टरला सांगताना इंग्रजी ‘नेक’वरून शब्द शोधला, तर ‘षिया’ हाती लागेल. मराठीवरून शोधला, तर नेमका ‘कार्क’ सापडेल.

परभाषेकडे जाण्याची वाट इंग्रजीतूनच जाते, असे आपण धरून चालतो. निदान मानेपुरती तरी मराठीतून जाणारी वाट जवळची आहे. मित्रहो, आणखी अशा किती वाटा असतील, त्या आपणच शोधायला हव्यात.