खेळाची वास्तू आणि तिचे दुसरे आयुष्य



काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडून पिंपरीत यावे, हमरस्ता पार करावा, की पुढे नेहरूनगर लागते. तेथील अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर २०२० साली करोनाच्या साथीत सुमारे ८०० खाटांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावरही ८०० खाटांची सोय झाली; पैकी ६०० खाटांना प्राणवायू होता, २०० अतिदक्षतेच्या होत्या.

मैदानच का? जागा सपाट आणि मोकळी, फाटक रुंद, प्राणवायूचा टँकर थेट आत येऊ शकतो, आणि कोणाचे घर पाडावे लागत नाही. खेळासाठी राखलेली जागा अशी संकटात उपयोगी पडली.

खेळाच्या वास्तूचे असे दुसरे आयुष्य जगाने पूर्वीही पाहिले आहे. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने १९३९ साली फुटबॉलचा संघ बंद केला आणि स्टॅग फील्ड ओस पडले. तेथे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली स्क्वॉशसारख्या खेळाचे एक बंदिस्त कोर्ट होते. जगातील पहिली अणुभट्टी खरे तर शहराबाहेर आर्गॉनच्या रानात व्हायची होती. पण तेथील बांधकाम कामगारांच्या तंट्यामुळे इमारत लांबली, आणि भट्टी भरवस्तीतल्या या कोर्टात आली! ग्रॅफाइटच्या शेकडो टन विटा रचायला शास्त्रज्ञांच्या जोडीला शाळा सोडलेली कामकरी पोरेही होती. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या देखरेखीखाली ती पेटली. शक्ती अवघी अर्धा वॅट. पण त्याच वाटेने १९४५चा नागासाकी आला आणि १९६९ साली आपल्या तारापूरची वीजही आली.

भट्टीला किरणांपासून बचाव करणारी भिंत नव्हती. प्रकल्पाचे प्रमुख कॉम्प्टन यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही विचारले नाही. मग शेजारच्या वस्तीला कोण विचारणार? युद्धातले गुपित होते, हे खरे. पण धोका ज्यांच्या दाराशी होता, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. १९५७ साली त्या पायऱ्या पाडल्या. आज तेथे हेन्री मूर यांचे शिल्प आहे.

मी कारखान्याच्या फाटकावर शिकलेला माणूस. यंत्राचे काम बदलले, की आम्ही दोन प्रश्न विचारतो : यंत्रावर उभे राहणाऱ्याला सांगितले का? आणि नवे काम संपल्यावर पुढे काय? मैदानालाही हेच प्रश्न लागू आहेत. रुग्णालयासाठी मैदान द्यावे, आनंदाने द्यावे. तेथे झाडू मारणारा, नळ्या जोडणारा फिटर, रात्रपाळीची परिचारिका यांना धोका आधी समजावून सांगावा. आणि काम सरले, की जागा पोरांना परत द्यावी. कारण जे मैदान आज राखले नाही, ते उद्याच्या संकटात सापडणार नाही.