शाळेचा वाफा, गल्लीचा मांडव

ट्रस्टच्या महोत्सवी अंकात मेथी-भेंडीवर लेख पाहून काही मंडळींना हसू येईल. येऊ द्यावे. इंदूरच्या आपल्या जुन्या वाड्यांत मोरीच्या पाण्यावर अळू वाढत असे, मागल्या दारी शेवगा नाही तर कढीलिंब असे, आणि अवचित पाहुणा आला तरी गृहिणीची अडचण होत नसे. वाडे गेले, इमारती उभ्या राहिल्या. भेंडी झाडावर लोंबत नाही, वर तोंड करून ताठ उभी असते, हे आज पाचवीतल्या मुलाला सांगितले तर त्याला थट्टा वाटते. ती त्याला शाळेत किंवा गल्लीत कशी दाखवता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही मोठ्या उत्साहाने मैदानाची एक सबंध बाजू खणली. नाना प्रकारची रोपे आणली, पाहुण्यांच्या हस्ते लावली, छायाचित्रे काढली. महिना होता मार्च! एप्रिलात पाणी पुरेना आणि मे महिन्यात शाळेला कुलूप लागले. जूनमध्ये मुले परतली तेव्हा भेगाळलेली जमीन आणि नावांच्या पाट्या तेवढ्या शिल्लक होत्या. एका मुलीने विचारले, "आमची वांगी कुठे गेली?" उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून माझे मत असे की, शाळेची बाग दोन हंगामांचीच असावी. जूनअखेर भेंडी, गवार, चवळी आणि वेल लावावेत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरावी. फेब्रुवारीअखेर वाफा मोकळा करून वाळक्या पाल्याने झाकून टाकावा. परीक्षा आणि बाग यांचे कधी जमत नाही. जागाही थोडी पुरे. दोन हात रुंद आणि आठ-दहा हात लांब असे दोन वाफे पुष्कळ झाले. रुंदी दोनच हात ठेवली की मूल दोन्ही बाजूंनी वाकून मध्यापर्यंत पोचते, वाफ्यात पाय देत नाही. माळव्याची काळी माती पावसात चिखल आणि उन्हात दगड. म्हणून वाफा वीतभर उंच असावा व त्यात खत सढळ हाताने मिसळावे.

खताची गोष्ट निघालीच आहे तर इंदूरकरांनी थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. १९२४ ते १९३१ या काळात येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीचे संचालक असलेले अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. तिला जगभर 'इंदूर पद्धती' म्हणतात. तिची हकिकत सांगणारे पुस्तक १९३१ साली निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. आडनाव आपल्या ओळखीचेच! शाळेत दोन हात लांब-रुंद खड्डा पुरतो. तीन टोपल्या वाळका पाला, एक टोपली भाजीची साले व देठ, वर शेणाचे पाणी आणि मूठभर राख, असे थर द्यावेत. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. पंधरवड्याने आणि पुढे महिन्याने ढीग वर-खाली करावा. काही दिवसांत ढीग असा तापतो की, आत खुपसून ठेवलेली सळई बाहेर काढल्यावर हातात धरवत नाही. मुलांना वाफ्याइतकेच याचेही वेड लागते.

पेरणीचा पहिला मान मेथीला द्यावा. रात्रभर भिजवून पेरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, महिन्याभरात जुडी हाती पडते. धने मात्र चोळून, दोन फाके करून पेरले तरी आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाहीत. तोवर मुले माती उकरून पाहतात आणि सगळाच घात होतो. चवळीचे एखादे रोप हलके उपटून मुळांवरच्या गाठी दाखवाव्यात. गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली, तर तेथले सूक्ष्म जंतू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देत आहेत असे समजावे. मावा पडला तर वाटलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवून, गाळून फवाराव्यात.

वेलांच्या बाबतीत एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते, म्हणजे शाळा सुटल्यावर. घोसाळ्याचे (येथे आपण त्याला गिलकेच म्हणतो) आणि तांबड्या भोपळ्याचे फूल सकाळी उमलते. म्हणून शाळेच्या कुंपणावर गिलके सोडावे आणि दुधी गल्लीच्या मांडवावर. ज्या फुलामागे बोटाएवढे फळ दिसते ते मादीफूल. नराचे फूल तोडून त्यावर हलकेच टेकवले की फळ धरण्याची आशा वाढते. गल्लीतली म्हातारी माणसे दिवेलागणीला हे काम फार आवडीने करतात.

गल्लीच्या बागेत कीड कमी, भांडणे जास्त! पाणी एकाने घालायचे आणि दुधी दुसऱ्याने पहाटे गुपचूप न्यायचा, यावरून दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. उपाय साधा आहे. तोडणीचा वार ठरलेला असावा, तोडताना मुले हजर असावीत आणि वाटणी त्यांच्याच हातून व्हावी. मुलांच्या देखत कोणी जास्त मागत नाही. सुट्टीत शाळेच्या वाफ्याला पाणी घालण्याची पाळीही याच मंडळींनी वाटून घ्यावी; दिवाळीच्या दिवसांत मेथी कोवळी असते आणि शाळेत कोणी नसते. ट्रस्टच्या सभासद कुटुंबांपैकी सात घरांनी एकेक वार घेतला तर कोणावर भार पडणार नाही.

हंगामाचे शेवटचे गिलके मात्र कोणी तोडू नये. ते वेलावरच खडखडीत वाळू द्यावे. हलवले की आत बी वाजते. ते पुढल्या जूनसाठी डबीत ठेवावे आणि उरलेली जाळी अंग घासायला घ्यावी.