शोकान्त प्रेमकथेत दोष कोणाचा?

एखाद्या अभिजात शोकान्त प्रेमकथेवरून चित्रपट निघाला आणि त्यात मूळ कथेपासून फारकत घेतलेली दिसली, की आपल्याकडे ठराविक तक्रार ऐकू येते. मूळ कलाकृतीची मोडतोड झाली, असे वाचक म्हणतात. पडदा हे निराळे माध्यम आहे, असे चित्रपटवाले म्हणतात. ह्या दोन्ही म्हणण्यांत तथ्य असले, तरी वाद तेथेच अडतो. फारकत मान्य केली, तरी ती कोणत्या कसोटीवर पारखावयाची, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात आम्ही त्या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहोत. आम्ही बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातले आहोत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ह्या चारही भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात, आणि एकच कथा भाषा बदलून दोनदोनदा आमच्यापुढे येते. त्यामुळे ह्या प्रश्नापासून दूर राहणे आम्हांस शक्य झालेले नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूळ कथेत फेरफार करणे हा चित्रपटाने लावलेला शोध नव्हे. महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात दुष्यन्ताला सर्व काही आठवत असते, तरीही तो भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, आणि राजाचे विस्मरण निर्दोष करून टाकले. नाटकाला त्यामुळे अपूर्व माधुर्य लाभले हे खरेच. परंतु त्याचबरोबर राजाच्या माथ्यावरचा दोष उचलून शापाच्या माथी ठेवला गेला, हेही तितकेच खरे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली हेच नाटक संगीतासह मराठी रंगभूमीवर आणले, आणि १९४३ साली व्ही. शांताराम ह्यांनी 'शकुंतला' पडद्यावर नेली. कथा माध्यमे ओलांडीत गेली, आणि प्रत्येक मुक्कामी दोषाची वाटणी कशी झाली आहे हे नव्याने पाहावे लागले.

शेक्सपीअरचेही तसेच. रोमिओ आणि ज्यूलिएट ह्यांची कथा त्याने आर्थर ब्रूक ह्याच्या १५६२ सालच्या दीर्घ काव्यावरून घेतली. ब्रूकच्या कथेत कित्येक महिन्यांत घडणारे प्रसंग शेक्सपीअरने चारपाच दिवसांत आणून बसविले. ह्याहून मोठा बदल दृष्टीचा आहे. ब्रूक आपल्या प्रास्ताविकात त्या दोघांनाच बोल लावतो. वडीलधाऱ्यांचा अधिकार झुगारणाऱ्यांची अशीच गत होते, असा धडा तो वाचकांपुढे ठेवतो. शेक्सपीअरच्या नाटकात मात्र दोन घराण्यांचे वैर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते. मृत्यू दोन्हीकडे तेच आहेत; अपराधी बदलला आहे.

येथे आम्हांस हवी असलेली कसोटी हाती लागते. शोकान्त प्रेमकथेत कोण मेले ह्यापेक्षा दोष कोणाच्या पदरी पडला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. रूपांतरकाराने शेवट बदलला, स्थळ बदलले किंवा पात्रे वाढविली, तर त्या बदलाने दोष कोठून कोठे सरकला, हे पाहावे. शेवट अक्षरशः राखूनही कथेशी द्रोह करता येतो, आणि शेवट पार उलटूनही तिच्याशी इमान राखता येते.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय ह्यांच्या 'देवदास' ह्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीला ही कसोटी लावून पाहावी. कादंबरीत पार्वतीचे घर देवदासाच्या घराच्या तोलाचे मानले जात नाही, आणि ऐन वेळी देवदासाचे धैर्य गळते. सामाजिक अहंता आणि व्यक्तीचा दुबळेपणा, असे हे दुहेरी कारण आहे. प्रमथेश बरुआ ह्यांनी १९३५ साली बंगालीत आणि पाठोपाठ सैगलना घेऊन हिंदीत हा बोलपट काढला. १९५५ साली बिमल रॉय ह्यांनी दिलीपकुमारांना घेऊन तीच कथा सांगितली. कादंबरीत पार्वती आणि चंद्रमुखी कधीच भेटत नाहीत. रॉय ह्यांनी त्यांना वाटेवर एकमेकींसमोरून निःशब्द जाऊ दिले. ही फारकतच, पण तिने कादंबरीतले मौन आणखी गहिरे केले. २००२ साली संजय लीला भन्साळी ह्यांच्या चित्रपटात ह्या दोघी एकत्र नृत्य करतात, आणि विवाह मोडण्यामागे घरातल्या भावजयीचे कारस्थान मोठी जागा व्यापते. डोळे दिपविणारी ही फारकत दोषाला मात्र अगदी लहान करते. जे एका समाजरचनेचे पाप होते, ते एका मत्सरी बाईचे होऊन बसते. उलट, अनुराग कश्यप ह्यांच्या २००९ सालच्या 'देव डी'मध्ये नायक मरतच नाही. तो चंदासह नव्या आयुष्याकडे वळतो. वरकरणी हा सर्वांत मोठा अपराध वाटेल. तथापि, देवच्या दुःखाचे मूळ त्याच्या स्वतःच्या संशयात आणि अहंकारात आहे, हे येथे जितके उघड केले आहे, तितके क्वचितच कोणी केले असेल.

ह्याच संदर्भात मराठी वाचकाला प्रभातचा 'माणूस' आठवल्यावाचून राहणार नाही. देवदासाच्या लोकप्रियतेने तरुण मनांवर आत्मनाशाची मोहिनी पडत असल्याचे शांतारामांना जाणवले, आणि १९३९ साली त्यांनी ह्या चित्रपटातून त्याला उत्तर दिले. गणपत हा साधा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या. शाहू मोडक आणि हुबळीकडच्या शांता हुबळीकर ह्यांनी ह्या भूमिका केल्या. त्यांचे लग्न होत नाही. मैना तुरुंगात जाते. गणपत कोलमडतो, आणि अखेर आपल्या कामावर परत येतो. रूपांतर न करताही एखाद्या कथेशी वाद कसा घालावा, ह्याचा हा वस्तुपाठ होय. प्रीती विफल झाली म्हणून जीवन विफल होत नाही, एवढे सांगण्यासाठी शांतारामांनी एक संपूर्ण चित्रपट खर्ची घातला.

आता आमच्या अंगणातली गोष्ट. नागराज मंजुळे ह्यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. करमाळ्याकडची ती कथा. पाटलाची मुलगी आर्ची, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या, आणि जातीची भिंत. दोघे पळून जातात ते हैदराबादला. सोलापूर, कलबुर्गी आणि हैदराबाद ही आमच्या नित्याच्या रेल्वेमार्गावरची गावे असल्याने, परक्या भाषेत गोंधळून गेलेली आर्ची आमच्याकडच्या प्रेक्षकाला परकी वाटली नाही. शिक्षक म्हणून आम्हांस मात्र आधीचा एक प्रसंग अधिक बोचला. वर्गात साहित्य शिकविणाऱ्या मास्तरांच्या श्रीमुखात पाटलाचा मुलगा भडकावतो, आणि त्याला शासन होत नाही. पुढे काय होणार ते त्या एका चपराकीत सांगून टाकले आहे. ज्या गावात शाळेला सत्तेपुढे मान तुकवावी लागते, तेथे प्रेमाने कोणाच्या आधाराने उभे राहावे?

'सैराट'ने प्रथम फारकत घेतली ती रूढ प्रेमपटापासून. इतर कथा जेथे संपतात, त्या पळून जाण्यानंतरच ह्याचा उत्तरार्ध सुरू होतो. झोपडपट्टीतले घर, कारखान्यातली मजुरी, रुसवे, संशय, समेट आणि लहान मूल, अशी संसाराची घडी बसत असतानाच माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. अखेरीस दोघांची प्रेते, आणि रक्ताचे ठसे उमटवीत चालत जाणारे ते मूल. पडद्यावरचा आवाजही त्या वेळी बंद होतो. दोष कोणाचा, हे सांगावयास तेथे शब्दाची गरज पडत नाही.

ही कथा २०१७ साली 'मनसु मल्लिगे' ह्या नावाने कन्नडमध्ये आली. एस. नारायण हे तिचे दिग्दर्शक, आणि नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच. आमच्या भागात अनेकांनी दोन्ही चित्रपट पाहिले. २०१८ साली शशांक खेतान ह्यांचा 'धडक' हिंदीत निघाला. कथा उदयपूरला गेली, आणि पळालेले जोडपे कोलकात्याला. शेवटही बदलला. येथे नायक आणि मूल मारले जातात, आणि नायिका जिवंत राहते. हा बदल नाट्यदृष्ट्या निर्बळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या माणसांनी केलेले कृत्य डोळ्यांनी पाहून जगत राहणे ही शिक्षा मरणाहून सौम्य नाही. उणीव अन्यत्र आहे. 'सैराट'मध्ये प्रत्येक दृश्यात, उंबऱ्यात आणि पाणवठ्यावर वावरणारी जात 'धडक'मध्ये धूसर होते. उरतो तो एका राजकारणी बापाचा दुराग्रह. समाजाचा अपराध एका घराच्या पदरात टाकला, की प्रेक्षक निर्दोष होऊन घरी जातो. फारकतीची खरी किंमत ही आहे.

ही जात काल्पनिक नाही, आणि तिचा कोप तर आमच्या मातीत फार जुना आहे. बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण हे १२ व्या शतकातले कल्याण. बसवेश्वरांच्या शरणमंडळात सामील झालेल्या हरळय्या ह्या चर्मकाराचा मुलगा आणि मधुवरस ह्या ब्राह्मणाची मुलगी ह्यांचा विवाह तेथे झाला, असे परंपरा सांगते. बिज्जळ राजाने त्याबद्दल दोन्ही बापांना देहान्त शासन केले. हत्तीच्या पायी बांधून त्यांना फरफटत नेले, अशी कथा आहे. त्यानंतर कल्याणात रक्तपात झाला आणि शरण चहूकडे पांगले. गिरीश कर्नाड ह्यांनी १९९० साली 'तलेदंड' ह्या नाटकात हाच विषय घेतला. ह्या कथेचे वेगळेपण वाचकांच्या ध्यानी आले असेलच. इतर शोकान्त प्रेमकथांत आईबाप विरोध करतात आणि मुले मरतात. कल्याणच्या कथेत आईबापांनी संमती दिली, आणि त्या संमतीसाठी ते मेले. आठशे वर्षांपूर्वी आमच्याच परिसरात असे दोन बाप होऊन गेले, हे 'सैराट' पाहून सुन्न झालेल्या मुलांना कोणी सांगत नाही, ही आम्हां शिक्षकांची चूक होय.

अशीच एक चूक आमच्या हातून होता होता राहिली. काही वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. सज्ञान, शिकलेली, पायावर उभी राहिलेली. तिला जन्मतारखेचा दाखला हवा होता. बाकीची कागदपत्रे घरच्यांनी अडकवून ठेवली होती. विवाह नोंदवावयाचा असल्याचे तिने लपविले नाही. मुलगा अन्य जातीचा होता. तिचे वडील आमच्या चांगल्या परिचयाचे. "उद्या ये," असे आम्ही तिला म्हणालो, आणि संध्याकाळी वडिलांच्या कानावर घालावे, असा विचारही मनात येऊन गेला. त्याच वर्षी, २०१८ च्या मार्चमध्ये, शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कुटुंबाला किंवा जमातीला आडवे येण्याचा अधिकार नाही. तो निर्णय आम्ही वृत्तपत्रात वाचला होता, वर्गात वाचूनही दाखविला होता. तरी आमची लेखणी अडखळली. ती काही न बोलता बाकावर बसून राहिली. तासाभराने आम्ही दाखल-खारीज नोंदवही काढली, उतारा लिहिला, शिक्का मारला आणि तिच्या हाती दिला. वडिलांना काही कळविले नाही. तिचा संसार आज सुरळीत चालू आहे. वडील मात्र आमच्याशी बोलत नाहीत.

'धडक' पाहून आलेल्या एका मुलाने वर्गात आम्हांस विचारले होते, "सर, दोन्हींतला खरा शेवट कोणता?" त्या वेळी आम्ही मूळ कृती, रूपांतर, माध्यम असे बरेच काही सांगितले. आज विचारले, तर उत्तर थोडक्यात देऊ. ज्या शेवटाने आपण स्वतः कोठे उभे होतो हे पाहावयास लावले, तो खरा. आणि ज्याने दुसऱ्याकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे केले, तो कितीही सुंदर असला तरी खोटा. त्या तासाभरात आमचे बोट कोठे वळणार होते, हे आम्ही विसरलेलो नाही.